थंडीतली मार्चिंग बँड स्पर्धा: पहिल्यांदाच जाणाऱ्या पालकांसाठी

अमेरिकेत मूल नववीत गेलं आणि त्याने शाळेच्या मार्चिंग बँडमध्ये नाव घातलं, की जुलै-ऑगस्टमधल्या बँड कॅम्पपासून घरातल्या सगळ्यांचं वेळापत्रक बदलतं. शुक्रवारी रात्री शाळेची फुटबॉल मॅच, शनिवारी स्पर्धा. सप्टेंबरमधल्या स्पर्धा टी-शर्ट घालून बघून होतात, त्यामुळे आपल्याला वाटतं, हे तर सोपं आहे. खरी थंडी ऑक्टोबरच्या शेवटी सुरू होते. पेनसिल्व्हेनिया, न्यू जर्सी, ओहायो, मिशिगन, इंडियाना, इलिनॉय या पट्ट्यात तोवर संध्याकाळचा पारा फॅरनहाइटच्या चाळिशीत, म्हणजे साधारण चार ते नऊ अंश सेल्सियसवर उतरलेला असतो. मोसमातल्या सगळ्यात मोठ्या स्पर्धा नेमक्या तेव्हाच असतात.

निघण्याआधी एक गोष्ट मनात पक्की करा: आपण चालायला नाही, बसायला निघालो आहोत. गाडीतून उतरून दुकानात शिरेपर्यंत जो कोट पुरतो, तो अ‍ॅल्युमिनियमच्या बाकावर सहा तास बसायला पुरत नाही. ज्यांना हे कोणी सांगितलेलं नसतं, ते आपल्या शाळेचा बँड वाजवून झाला की कुडकुडत गाडीकडे निघतात आणि उरलेली स्पर्धा त्यांना कधी दिसतच नाही. ती दिसावी, एवढ्यासाठी ही सगळी तयारी.

हे नेमकं काय असतं

प्रत्येक बँड शंभर यार्डांच्या फुटबॉल मैदानावर साधारण सात ते दहा मिनिटांचा एकच कार्यक्रम सादर करतो. मुलं त्याला 'शो' म्हणतात. पितळी वाद्यं, लाकडी वाद्यं आणि ड्रमलाइन चालत चालत वाजवतात. मैदानाच्या पुढच्या कडेला मरिंबा, व्हायब्रफोन, सिंथेसायझर वगैरे एका जागी मांडलेले असतात, तो 'पिट'. झेंडे, लाकडी रायफली आणि तलवारी फिरवणारा, उडवून झेलणारा गट म्हणजे 'कलर गार्ड'. उंच चौथऱ्यावर उभं राहून हातांनी ताल देणारा विद्यार्थी म्हणजे 'ड्रम मेजर'. ठरावीक पाऊल पाच यार्डांत आठ, म्हणजे एक पाऊल साडेबावीस इंचांचं. कोणत्या मात्रेला मैदानावर कोणत्या बिंदूवर उभं राहायचं हे प्रत्येक मुलाला पाठ असतं आणि या एका शोवर ती चार महिने घाम गाळतात. हे एवढं ठाऊक असलं तरी पहिल्या स्पर्धेला पुरेल.

आदल्या आठवड्यात

बँड डायरेक्टरकडून किंवा बँडला मदत करणाऱ्या पालकांच्या गटाकडून, म्हणजे 'बूस्टर'कडून, येणारी इटिनररी, म्हणजे त्या दिवसाचं वेळापत्रक, नीट वाचा. तिच्यात दोन वेळा सगळ्यात महत्त्वाच्या असतात: मुलांनी शाळेत हजर व्हायची वेळ, म्हणजे 'कॉल टाइम', आणि आपला बँड मैदानावर उतरायची वेळ. दोन्हींमध्ये सहा-सात तासांचं अंतर असू शकतं. मुलं बँडच्या बसने जातात, तुम्ही आपल्या गाडीने. दिवसभर ती तुमच्या हाती लागणार नाहीत. त्यांच्याबरोबर देखरेखीसाठी, चॅपरोन म्हणून, नेमलेले पालक असतात.

मग स्टेडियमला छप्पर आहे की नाही ते शोधा. बँड्स ऑफ अमेरिका ही १९७५ साली सुरू झालेली स्पर्धामालिका आपली राष्ट्रीय अंतिम स्पर्धा २००८पासून दर नोव्हेंबरात इंडियानापोलिसच्या लुकास ऑइल स्टेडियममध्ये घेते. तिथे छप्पर आहे. मिशिगनची राज्य अंतिम स्पर्धा डेट्रॉइटच्या फोर्ड फील्डमध्ये होते, न्यू यॉर्क राज्याची सिरॅक्यूज विद्यापीठाच्या डोममध्ये. तिथेही तुमच्या डोक्यावर छप्पर असतं. पण पेनसिल्व्हेनियातल्या हर्शीचं स्टेडियम उघडं आहे आणि न्यू जर्सीतलं भलंमोठं मेटलाइफसुद्धा उघडंच. ओहायोतल्या बहुतेक स्पर्धा कुठल्या ना कुठल्या शाळेच्या उघड्या मैदानावर होतात. छप्पर असलेल्या ठिकाणी जाणार असाल तरी कोट घरी ठेवू नका. प्रवेशाची रांग बाहेर असते, आणि मुलं ट्रकमधून सामान उतरवतात, वाद्यं तापवतात ती पार्किंगमध्येच.

मोठ्या स्टेडियममध्ये पारदर्शक पिशवीचाच नियम असतो. पाय असलेली खुर्ची, थर्मास, बाहेरचं खाणं यांवर बहुतेक ठिकाणी बंदी असते. घोंगडी मात्र बहुतेक ठिकाणी चालते, गाद्यांचं तपासून घ्या. स्टेडियमच्या वेबसाइटवर आदल्या रात्री नजर टाका. दारावरून पिशवी परत ठेवायला मैलभर चालत गाडीपर्यंत जावं लागलेले पालक दर स्पर्धेला दिसतात.

हवामान पाहताना दिवसाचा सर्वात मोठा आकडा पाहू नका. 'दुपारी ५५' हे वाचून लोक फसतात. तासातासाचा अंदाज उघडा आणि रात्री नऊचा आकडा वाचा. वाऱ्याचा वेगही वाचा, कारण चांगल्या जागा वरच्या रांगांत असतात आणि वारा तिथेच जास्त लागतो.

कपडे

अंगालगत सुती काहीही नको. सुती बनियन, सुती मोजे, जीन्स घाम धरून ठेवतात आणि एकदा ओले झाले की अंगातली ऊब शोषून घेतात. पार्किंगपासून स्टेडियमपर्यंत भराभर चालताना घाम येतोच, आणि पुढचे सहा तास त्याच ओल्या कपड्यांत बसावं लागतं. म्हणून खाली लोकरीचा किंवा पॉलिस्टरचा थर्मल, पायांनाही. त्यावर स्वेटर किंवा फ्लीस. सर्वात वर वारा अडवणारं जाकीट, कमरेच्या खाली येणारं. एका जाड कोटापेक्षा असे तीन थर बरे, कारण मधल्या वेळेत ऊन पडलं तर एक काढून ठेवता येतो.

पायांची काळजी सगळ्यात जास्त घ्या. तळव्यांखाली सिमेंट किंवा धातू असतो आणि आपण हलत नसतो. बूट किंचित सैल हवेत. जाड मोज्यांचे दोन जोड कोंबून घट्ट झालेल्या बुटात रक्त नीट फिरत नाही आणि पाय जास्तच गार पडतात. पायांखाली पुठ्ठा टाका. घरी आलेल्या पार्सलचा खोका फोडून उघडा केला की काम भागतं, आणि स्पर्धा संपल्यावर तो कचऱ्यात टाकून येता येतो. बसायलाही तोच न्याय. अ‍ॅल्युमिनियमचा बाक शरीराची ऊब खेचून घेतो, त्यामुळे फोमची जाड गादी हवीच. नुसती चादर घडी करून बसलात तर अर्ध्या तासात थंडी खालून वर चढते.

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी भारतातून आणलेली गोधडी असते. ती जरूर न्या, पण मांडीवर घ्यायला, आणि हवा कोरडी असेल तरच. जुन्या साड्यांची गोधडी पावसात भिजली की जड होते, गार पडते आणि दोन दिवस वाळत नाही. रिमझिम असेल तर पातळ फ्लीसची घोंगडी आणि वरून साधा प्लॅस्टिकचा रेनकोट. छत्री उघडू नका. मागच्या रांगेतल्या आईला तिचं मूल दिसायला हवं.

हातांना ऊब देणाऱ्या छोट्या पुड्या मिळतात, हँड वॉर्मर म्हणून. त्यांत लोखंडाची भुकटी असते. हवा लागली की ती गंजायला लागते आणि त्यातून उष्णता निघते. म्हणून पुडी फोडल्या फोडल्या 'गरम होत नाही' म्हणून फेकू नका, पंधरा-वीस मिनिटं द्या. खिशात अगदी घट्ट दाबून ठेवली तर हवा मिळत नाही आणि ती मंदावते. बुटात घालायच्या पुड्या वेगळ्या असतात, हाताच्या पुड्या बुटात सरकवू नका. अर्धवट वापरलेली पुडी हवाबंद झिपच्या पिशवीत ठेवली तर थांबते आणि दुसऱ्या दिवशी परत उघडता येते. पुडी थेट कातडीला लावायची नाही. मधुमेहामुळे ज्यांच्या पायांची संवेदना कमी झाली आहे त्यांनी तर बुटात या पुड्या घालूच नयेत, कारण भाजतंय हे कळत नाही.

फोनही थंडीत लवकर मान टाकतो. तिकीट फोनवरच असेल तर गाडीतच उघडून ठेवा, आणि फोन बाहेरच्या खिशात न ठेवता आतल्या खिशात, अंगालगत ठेवा.

मुलाची तयारी

तुमच्याकडे गोधडी असेल. मुलाकडे गणवेशच असतो. गणवेशाची विजार 'बिबर' म्हणून ओळखली जाते, खांद्यापर्यंत पट्टे असलेली. तिच्या आत घट्ट बसणारे थर्मल घालता येतात. रंग डायरेक्टरला आधी विचारा, गळ्यातून किंवा मनगटातून दुसरा रंग डोकावलेला चालत नाही. मोजे बहुतेक ठिकाणी काळे आणि लांब लागतात; लोकरीचा काळा जोड ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच घेऊन ठेवा, नंतर दुकानात मिळत नाहीत. क्लॅरिनेट, सॅक्सोफोन वाजवणाऱ्यांना बोटांची टोकं मोकळी लागतात, त्यामुळे त्यांचे हातमोजे टोकाशी कापलेले असतात. गार्डच्या मुलींचे आणि मुलांचे पोशाख सगळ्यात पातळ. त्यांच्यासाठी कातडीच्या रंगाचा थर्मल मिळतो, पण तोही डायरेक्टरला विचारूनच.

सगळ्यात वाईट वेळ असते ती मैदानात उतरण्याआधीची दहा-पंधरा मिनिटं. सराव करून मुलं घामेजलेली असतात, जाकिटं काढून दिलेली असतात, आणि फाटकापाशी रांगेत स्थिर उभं राहायचं असतं. बहुतेक बँडमध्ये दोन-चार पालक तिथे थांबून जाकिटं गोळा करतात आणि मुलं बाहेर पडताना त्यांच्या हातात परत देतात. पहिल्या वर्षी स्वयंसेवक म्हणून काय करावं असं विचाराल, तर मी हेच काम सुचवेन. त्याला कसलं कौशल्य लागत नाही आणि मुलांना त्याची खरी गरज असते.

सकाळी मुलाला पोटभर खायला घाला. लालचुटुक चिवडा-शेव नको, तेलकट बोटांनी गणवेश खराब होतो आणि वाद्यही. दूधही नको, घशात चिकटपणा येतो अशी वाजवणाऱ्या मुलांचीच तक्रार असते. उपमा, पोहे, अंडं, पोळी-भाजी, काहीही चालेल. पाणी मात्र द्या. थंडीत तहान लागत नाही म्हणून मुलं पाणी पीत नाहीत, आणि मग वाजवताना ओठ फुटतात.

दिवाळी आणि शनिवार

हे दरवर्षी होतं. बहुतेक वर्षी दिवाळी आणि मोसमातल्या शेवटच्या स्पर्धा याच तीन-चार आठवड्यांत येतात, आणि महाराष्ट्र मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रमही शनिवारीच असतो. दोन्ही जमवायचा प्रयत्न करू नका. बँडमधल्या मुलाची जागा दुसरं कोणी भरून काढू शकत नाही, एक मूल नसलं तर आकृतीत भोक दिसतं. मंडळाला आधी कळवा, आणि अभ्यंगस्नान पहाटे उरकायचं असेल तर कॉल टाइमच्या आधी उरका. फराळाचा डबा मात्र नक्की न्या. स्टेडियममध्ये नेता आला नाही तरी पार्किंगमध्ये गाडीची डिकी उघडून सगळे पालक एकत्र खातात, आणि तिथे चकल्या-करंज्यांचा डबा फार वेळ भरलेला राहत नाही. दाण्याचं कूट कोणत्या पदार्थांत आहे ते सांगायला विसरू नका. अमेरिकेत शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेली मुलं बरीच असतात, म्हणून कशात दाणे आहेत ते डब्यावर चिकटवून ठेवा.

तुमच्यासाठी गरम पदार्थ आत जाण्याआधी पार्किंगमध्येच खाऊन घ्या. भरलेलं पोट थंडीत खरोखर मदत करतं. धपाटे, तिखट-मिठाच्या पुऱ्या, गूळपोळी असे गार झाले तरी चांगले लागणारे पदार्थ उत्तम. थर्मासमध्ये आलं-गवती चहा. फक्त चहा बेताने प्या, कारण स्वच्छतागृहाची रांग लांब असते आणि नेमका आपला बँड तेव्हाच सुरू होतो.

जागा कुठे धरायची

आपल्याला वाटतं, पुढची रांग मिळाली तर नशीब. इथे तसं नाही. शोची आखणी वरून, प्रेस बॉक्समधल्या, म्हणजे बाकांच्या वरच्या टोकाला असलेल्या खोलीतल्या, परीक्षकांच्या नजरेतून पाहण्यासाठी केलेली असते. पहिल्या पाच रांगांतून तुम्हाला पिटमधली वाद्यं आणि तुमच्या मुलाचे फक्त गुडघे दिसतील. पन्नास यार्डांच्या रेषेच्या आसपास, शक्य तितकं वर बसा. तिथून वर्तुळं, तिरक्या रेषा, एकमेकांतून आरपार जाणारे गट दिसतात, आणि पितळी वाद्यांचा आवाजही एकसंध पोचतो. बाजू प्रेस बॉक्सचीच हवी. समोरच्या बाजूला बसलात तर सगळा शो पाठमोरा दिसेल.

वरच्या रांगेत मागे भिंत किंवा कठडा असेल तर ती जागा सोनं समजा. वारा अडतो.

बँड मैदानावर असताना

एखादा बँड वाजवत असताना प्रेक्षकांची ये-जा थांबवलेली असते. दारावरचे स्वयंसेवक आत सोडणार नाहीत. म्हणून आपल्या बँडच्या आधीचे दोन बँड तरी जागेवर बसूनच पाहा. निवेदक बँडचं आणि ड्रम मेजरचं नाव पुकारतो, बँड तयार आहे का विचारतो, ड्रम मेजर सलाम करतो, आणि सुरू.

टाळ्या कधी? नाट्यसंगीताच्या बैठकीत चांगली जागा आली की दाद निघतेच, तसं इथेही आहे. शेवटापर्यंत थांबायचं नसतं. एकल वादन संपलं, गार्डने उंच फेकलेली रायफल सगळ्यांनी एकदम झेलली, सगळी पितळी वाद्यं प्रेक्षकांकडे वळून एकदम फुटली, की मोकळेपणी टाळ्या द्या, ओरडा. फक्त मुलाचं नाव घेऊन हाका मारू नका, त्या क्षणी त्याचं लक्ष पावलात आणि श्वासात असतं. फ्लॅश बंद ठेवा. चित्रीकरणाचे नियम प्रत्येक स्पर्धेत वेगळे असतात, बहुतेक वेळा संगीताच्या हक्कांमुळे. निवेदक सुरुवातीला सांगतो ते ऐका.

आणि पहिल्यांदा पाहताना एक तरी वेळ फोन खाली ठेवा. आपल्या मुलावर कॅमेरा खिळवला की शो दिसत नाही, आणि मुलाने चार महिने ज्यासाठी मेहनत केली ती गोष्ट एकट्याची नसते.

थंडी वाद्यांना काय करते

हे समजलं तर मैदानावर काय चाललं आहे ते जास्त कळेल. फुंकून वाजवायच्या वाद्याचा सूर आतल्या हवेतल्या ध्वनीच्या वेगावर अवलंबून असतो. हा वेग २० अंश सेल्सियसला सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, शून्याला ३३१. म्हणजे दर अंशामागे साधारण ०.६ मीटरने कमी होतो. हवा गार झाली की ट्रंपेट, क्लॅरिनेट, ट्यूबा सगळ्यांचा सूर उतरतो. पाच अंशांवर पूर्ण गार पडलेल्या वाद्यात हा फरक जवळपास पाव स्वराचा होतो. मुलांच्या फुंकेने आतली हवा गरम राहते, म्हणून प्रत्यक्षात तो कमी दिसतो, पण एखादं वाद्य दोन मिनिटं न वाजता राहिलं की पुन्हा उतरतं. म्हणूनच फाटकाशी उभी असलेली मुलं आवाज न करता वाद्यात हळूच गरम श्वास सोडत असतात.

गंमत अशी की पिटमधल्या व्हायब्रफोनच्या धातूच्या पट्ट्या थंडीत उलट किंचित चढतात. एका बाजूने सूर खाली, दुसऱ्या बाजूने वर. अशा रात्री मैदानभर विखुरलेले शंभर जण सुरात राहिले, तर ती साधी गोष्ट नाही. त्या टाळ्या अगदी मनापासून वाजवा.

लाकडी क्लॅरिनेट थंडीत तडकू शकतो. त्यामुळे मैदानावर प्लॅस्टिकचा वापरतात. तुम्ही मुलाला महागडं लाकडी वाद्य घेऊन दिलं असेल तर ते नोव्हेंबरच्या मैदानावर नेऊ देऊ नका, शाळेकडे प्लॅस्टिकचं मागा. पितळी वाद्यात श्वासातली वाफ पाणी होऊन साचते. पारा ३२ फॅरनहाइटच्या खाली गेला तर ते गोठून व्हॉल्व्ह अडकतात. गार धातूचं माउथपीस ओठांना बधिर करतं, म्हणून मुलं ते खिशात किंवा मुठीत धरून ठेवतात. गार्डची बोटं बधिर झाली की फेकलेली रायफल सुटते. सुटली तर पाहा, ते मूल काय करतं: उचलतं, मात्रा पकडतं आणि चेहरा न बदलता पुढे जातं. मला स्वतःला पूर्ण शोमध्ये ते पाहायला सगळ्यात जास्त आवडतं.

आपला बँड झाल्यानंतर

आता निघावंसं वाटेल. थांबा.

बहुतेक स्पर्धांत लहान गटांपासून सुरुवात होते आणि मोठे बँड शेवटी येतात. गट कुठे शाळेच्या पटावरून ठरतात, कुठे बँडमधल्या मुलांच्या संख्येवरून. त्यामुळे दुपारी पहिला येणारा, पंचवीस-तीस मुलांचा बँड रिकाम्या बाकांसमोर वाजवतो, आणि रात्री दहाला येणाऱ्या बँडसमोरही लोक थंडीने उठून गेलेले असतात. मला हे फार खटकतं. त्या मुलांनीही तेवढाच सराव केला आहे, आणि त्यांची बोटंही तेवढीच गार आहेत. तुम्ही नीट कपडे घालून आलात, पोटात काही आहे, तर तासभर लवकर येऊन पहिले दोन बँड पाहणं आणि शेवटच्यापर्यंत बसणं जमतं. मग हळूहळू शोंमधला फरक कळायला लागतो: कुणाचे पाय एकत्र पडतात, कुणाचा आवाज वळणावरही डगमगत नाही, कुणाची रेषा चालताना वाकडी होते.

निकाल

परीक्षक संगीत, दृश्य आणि एकंदर परिणाम यांचे वेगवेगळे गुण देतात. बँड्स ऑफ अमेरिकामध्ये १००पैकी ६० गुण परिणामाला असतात. त्यातले ४० संगीताच्या परिणामाला, २० दृश्याच्या. उरलेले ४० वादन आणि चालण्याच्या अचूकतेत निम्मे-निम्मे. दुसऱ्या मालिकांची विभागणी वेगळी असते. वेळ ओलांडली तर गुण कापले जातात, म्हणून मोठमोठी प्रॉप्स ढकलणारे आईबाबा मैदानावर धावताना दिसतात.

ओहायोत राहत असाल तर आणखी एक गोष्ट माहीत असू द्या. तिथल्या राज्यपातळीवरच्या संगीत शिक्षक संघटनेच्या स्पर्धेत क्रमांक नसतो, श्रेणी असते. 'आपल्याला एक मिळाला' म्हणजे पहिला नंबर नव्हे, सर्वोत्तम श्रेणी, आणि ती एकाच दिवशी अनेक बँडना मिळू शकते. आजी-आजोबांना फोन करण्याआधी हे तपासा.

शेवटी सगळे बँड किंवा त्यांचे ड्रम मेजर मैदानावर येतात, त्याला 'रिट्रीट' म्हणतात. सगळे बँड आले तर मुलं अर्धा-पाऊण तास स्थिर उभी असतात, आणि दिवसातली सगळ्यात कडक थंडी तेव्हाच असते. निकाल मनासारखा नसेल तर त्या रात्री मुलाशी गुणांची चर्चा नको. 'तुमचा मधला भाग किती छान झाला' असं जे खरं दिसलं ते सांगा.

आजी-आजोबा आले असतील तर

भारतातून सहा महिन्यांसाठी आलेल्या आजी-आजोबांना स्पर्धेला जरूर न्या, पण सगळा दिवस नाही. आपला बँड मैदानावर यायच्या तासभर आधी आणा, आणि झाल्यावर कुणीतरी घरी किंवा हॉटेलवर सोडा. साडी नेसणार असतील तर खाली थर्मलची विजार आणि लोकरीचे मोजे, वर पँटसारखं काही चढवता आलं तर उत्तमच. कानटोपी आणि मफलर त्यांच्याकडे असतोच. प्रवेशदारापासून जागेपर्यंत किती पायऱ्या आहेत ते आधी पाहा. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठी बहुतेक स्टेडियममध्ये लिफ्ट आणि राखीव जागा असतात, फक्त विचारावं लागतं. त्यांचा थरकाप थांबत नसेल, बोलणं अडखळत असेल, अंगात सुस्ती आली असेल तर कार्यक्रम सोडा, लगेच उबदार जागी न्या, ओले कपडे बदला आणि प्रथमोपचार केंद्राला सांगा. हवा गोठणबिंदूच्या वर असली तरी ओल्या अंगाने असं होऊ शकतं.

परतताना

मुलं बसने शाळेत येतात, तिथे सामान उतरवतात, गणवेश टांगून देतात. मध्यरात्र उलटते. बस कुठवर पोचली ते बूस्टरच्या ग्रुपवर कळतं, त्यामुळे शाळेच्या पार्किंगमध्ये तासभर आधी जाऊन बसायची गरज नाही. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारच्या आदला शनिवार असेल तर त्या रात्री दोन वाजता घड्याळ तासभर मागे जातं, तेवढी झोप जास्त मिळते.

वाद्य घरी आलं असेल तर ते हीटरजवळ ठेवू नका. पेटी बंद ठेवून खोलीतल्या उष्णतेशी जमू द्या, तासाभराने उघडा, आतलं पाणी कापडाने पुसा आणि व्हॉल्व्हना तेल द्या. गणवेश घरी आणायची पद्धत असेल तर पिशवीतून काढून टांगा, पिशवीत ओला राहिला तर वास धरतो. थर्मल आणि मोजे त्याच रात्री धुवायला टाका. शुक्रवारी फुटबॉल मॅचला परत लागतील.